सराईतली चूल

शिवनारायण शेठच्या वखारीत मी सात वर्षं कारकून होतो, आणि त्या सात वर्षांत कडूबाचा आला तेवढा राग मला दुसऱ्या कुणाचाच आला नाही. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी त्याच्याविषयी चार शब्द चांगले बोलायला लागलो की वाचणाऱ्याला वाटायचं, हा गडी मुळातच हळवा दिसतो. मी हळवा नव्हतो. मला कामं झटपट उरकलेली आवडत, आणि झटपट हा शब्द कडूबाच्या गावीही नव्हता.

वखार जुन्या जालन्यात, भुसार दुकानांच्या मागच्या गल्लीत होती. तिथे नवं लाकूड कमी आणि जुनंच जास्त. मालक निघून गेले, वारस उरला नाही, सरकारजमा झालं, अशी घरं, गोदामं, चौक्या यांचा तहसिलीत हर्रास, म्हणजे लिलाव, व्हायचा. शेठ त्यातला इमला घ्यायचे, टोळी लावून उतरवायचे आणि खांब, तुळया, चौकटी वखारीत आणून विकायचे. राज्य निजामाचं, कागद उर्दूत. ते वाचणं आणि त्यांना उत्तरं लिहिणं हे माझं काम. इमारत हर्रासाला निघायच्या आधी आत जाऊन लाकूड पारखून येणं हे कडूबाचं.

मधल्या बोटाच्या पेरानं तो खांबावर खाली, मध्ये आणि वर टकटक करायचा आणि मग खांबाला कान लावून उभा राहायचा. वाळवीनं आतून पोखरलेला खांब त्याला बाहेरून कळे. कसा कळतो असं विचारलं तर म्हणे, "खांब सांगतंय." शेठ स्वतः बघायला जात नसत. कडूबा म्हणाला सोळा खांब शाबूत, तर सोळा. वीसेक वर्षांत त्याचा शब्द एकदाही खोटा निघाला नव्हता, आणि त्या शब्दाखेरीज त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतंही. शेत नव्हतं, बायको लवकर वारली, मूल झालं नाही. आष्टीला तुळजाबाई नावाची बहीण होती, दिवाळीत तिच्याकडे दोन दिवस जाऊन यायचा. बाकी वर्षभर वखारीच्या मागच्या खोलीत तो आणि त्याची घोंगडी.

पहिल्यांदा त्याच्याबरोबर मी करोडगिरीचा एक मोडका नाका बघायला गेलो. जकात घ्यायची बंद होऊन तिथे बरीच वर्षं झाली होती. दार नव्हतं, छप्पर अर्धं खाली आलेलं. कडूबानं उंबऱ्याबाहेर पायताण काढलं, खाकरला आणि आत हाक दिली, "कोण हाय का घरात?" मग थांबला. एक पान चघळून होईल एवढा वेळ तो तसाच उभा. मी म्हटलं, "मामा, आत वटवाघळं सोडून कोण असणार?"

"असतंय, बाबू," तो म्हणाला. "मालक निघून गेला म्हंजे घर रिकामं झालं असं न्हाई."

त्या दिवशी आत खरोखरच कुणी नव्हतं, आणि परत येताना मी त्याला मनसोक्त चिडवलं. पण पुढे बऱ्याचदा कुणी ना कुणी निघायचं. छावणीतल्या एका ओस बराकीत एक म्हातारा होता, कधीकाळी पलटणीत पाणी भरायचा. पलटण गेली, साहेब गेले, हा राहिला. अजून पहाटे पाणी भरायच्या वेळेला उठून बसायचा. कडूबा त्याच्याशी अर्धा दिवस बोलत बसला, आणि मी बाहेर उन्हात. कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनाच्या शेडमध्ये एक बाई तीन शेळ्या घेऊन राहत होती. तिच्याशी कडूबाच्या गप्पा चालू असताना एका शेळीनं माझ्या हातातला तहसिलीचा कागद शिक्क्यासकट खाल्ला. कडूबा पोट धरून हसला, आणि दुसरी नक्कल मिळवताना माझं काय झालं ते मलाच ठाऊक.

एकदा वैतागून मी त्याला म्हटलं, "मामा, ही उंबऱ्यावरची पूजा कशासाठी? सरळ आत जावं, लाकूड बघावं, बाहेर यावं."

तो म्हणाला, "तरणा होतो तवा मी बी तसंच करायचो. परतूरकडं एका पडक्या मठात शिरलो, हाक न देता. आत एक बाई भाकरी भाजून राह्यली होती. मला पाहून जी पळाली ती पळालीच. तव्यावर भाकरी तशीच. मी ती उलटली, उतरवून ठिवली, अन् दिवस बुडस्तोर बसलो. म्हनलं येईल. न्हाई आली. मी हाक दिली असती तं ती जेवून गेली असती, बाबू."

यानं माझा राग कमी झाला म्हणाल तर तसंही नाही. तासाच्या कामाला दिवस लागला की शेठ मलाच विचारायचे.

आता टोळीचा नेम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. इमला उतरवणाऱ्या टोळीचा मुकादम धर्मराज. ज्या छपराखाली चूल जिवंत आहे, त्या छपराला त्याची टोळी पहार लावत नसे. आत माणूस आहे की नाही हे ते बघत नसत, चूल बघत. ज्यानं पेटवली त्यानं आपल्या हातानं विझवली, किंवा ती आपोआप थंड झाली, तरच काम सुरू. दुसऱ्या कुणी पाणी ओतून विझवली तर हत्यारं उचलून सगळे घरी. का, म्हणून विचारलं तर धर्मराज म्हणायचा, "माळवद अंगावर येतंय," आणि तंबाखू मळायला लागायचा. माळवदाच्या मातीखाली दबून माणसं मेलेली त्यांनी पाहिली होती, त्यामुळे शेठसुद्धा या बाबतीत वाद घालत नसत.

चूल तपासायचीही रीत ठरलेली. राखेत मनगटापर्यंत हात घालायचा. निखारा दिसो न दिसो, राखेच्या पोटात ऊब लागली तर चूल जिवंत. हा हात कडूबानंच घालायचा. तो गार म्हणाला की टोळी कामाला लागायची, तो गरम म्हणाला की परत फिरायची.

फसली तेराशे चाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तीसच्या, हिवाळ्यात अंबडच्या रस्त्यावरची जुनी सराई हर्रासाला निघाली. रेल्वे यायच्या आधी गाडीवानांचे मुक्काम तिथे पडत. मग रेल्वे आली, मागून मोटारी आल्या, आणि सराईत कुणी उतरेना. अंगणाभोवती आठ खोल्या आणि सागाचे खांब, एवढं उरलं होतं. कडूबा पारखायला गेला, परत येऊन म्हणाला, "चाळीस खांब बराबर हायेत. तीन पोकळ. कोपऱ्यातल्या खोलीत माणसं हायेत." शेठनी पहिलं नीट ऐकलं आणि शेवटचं कानाआड केलं. सराई त्यांनी घेतली. अट अशी होती की इस्फंदार अखेर जागा मोकळी करून द्यायची. इस्फंदार हा तेव्हाचा सरकारी महिना, आपल्या पौष-माघाच्या सुमाराचा.

कोपऱ्यातल्या खोलीत सगुणाबाई नावाची म्हातारी, तिची मुलगी नंदाबाई आणि जावई भुजंग राहत होते. अंबडकडच्या एका वाडीतली ही माणसं. वाडीत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला तेव्हा सगळे घरं सोडून रानात झोपड्या करून राहिले. चार महिन्यांनी परतले तर पावसानं यांचं घर बसलेलं, आणि भावकीनं त्या जागेला काटेरी कुंपण घालून टाकलेलं. भांडायला अंगात बळ नव्हतं. भुजंगला जालन्याला जिनात रातपाळीचं काम मिळालं, नंदाबाई कापूस वेचायला जायची. ज्वारीची सुगी झाली, पदरात थोडे दाणे पडले, की कुठेतरी जाऊन बस्तान बसवायचं असा त्यांचा विचार होता. तोवर डोक्यावर छप्पर हवं होतं, आणि ते आता शेठचं झालं होतं.

सगुणाबाईनं कडूबाला विचारलं, हे कधी पाडणार. त्यानं टोळीचा नेम जसाच्या तसा सांगितला. त्या दिवसापासून म्हातारीनं चूल विझू दिली नाही.

शेठना हे कळलं तेव्हा त्यांनी कडूबाला गादीसमोर बोलावलं. "तू सांगितलं का त्यांना?"

"सांगितलं, शेठ. त्या बाईनं इचारलं, मी खरं सांगितलं."

"अरे, खरं सांगायला तुला फक्त माझंच घर मिळालं का," शेठ म्हणाले आणि कपाळाला हात लावला. पण दम दिला नाही. कडूबाला दम देऊन उपयोग नसतो हे त्यांना वीस वर्षांत कळून चुकलं होतं.

मग दर चार दिवसांनी कडूबानं चालत जायचं, राखेत हात घालायचा आणि संध्याकाळी येऊन सांगायचं, "गरम हाय." टोळी वखारीत तंबाखू खात बसलेली. तहसिलीतून चिठ्ठ्या येत, मी त्यांना गोड उत्तरं लिही. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. एकदा मीच त्याच्याबरोबर गेलो. सगुणाबाई चुलीपुढे बसून गोवरीचा तुकडा मोडून आत सारत होती. मला म्हणाली, "रातच्याला तीन येळा उठते, बाबू. तान्ह्या लेकराला उठावं तशी."

"मग विझवा की आजी," मी म्हटलं. "तुम्ही पण निजाल आणि आम्ही पण सुटू."

ती नुसती हसली. मला वाटलं होतं ती चिडेल, दोन शिव्या देईल, मग मलाही बोलता येईल. तिच्या हसण्यानं माझी पंचाईत झाली.

पौषातल्या एका सकाळी मला राहवलं नाही. कडूबाची पाळी दुसऱ्या दिवशी होती, पण शेठच्या पुतण्याची सायकल मागून घेतली आणि उजाडता उजाडता सराई गाठली. अंगणात कुणी नव्हतं. मी हाकबिक काही दिली नाही, तडक कोपऱ्यातल्या खोलीत शिरलो आणि चुलीत हात खुपसला. राख गार होती. अगदी तळापर्यंत गार. मला एवढा आनंद झाला की मी इकडेतिकडे बघितलंही नाही, तसाच सायकलवर टांग मारून जालन्याकडे सुटलो.

"चूल थंड झाली, शेठ," मी वखारीत शिरताच सांगितलं. "माणसं गेलेली दिसतात."

ऊन वर यायच्या आत दोन गाड्या जुंपल्या, धर्मराज आणि त्याची दहा माणसं पहारी, दोर घेऊन निघाली. शेठ स्वतः टांग्यातून आले, कारण आता मुदत अगदी तोंडावर आली होती. कडूबा गाडीत मागे बसला होता. वाटेत तो एक अक्षर बोलला नाही, आणि मला वाटलं, बरी जिरली.

सराईपाशी आल्यावर त्यानं पायताण काढलं, खाकरला आणि हाक दिली, "कोण हाय का घरात?"

आतून "हूं" असा आवाज आला. इतका बारीक, की कडूबासारखा कान लावून उभा राहिलेला माणूस नसता तर कुणाला ऐकू आला नसता.

खोलीत चुलीच्या पलीकडे गोणपाटाचा आडोसा होता. सकाळी मी तो पाहिलाही नव्हता. कडूबानं तो बाजूला केला. मागे सगुणाबाई हिवतापानं कुडकुडत पडली होती, दातावर दात वाजत होते. नंदाबाई दोन दिवस लांबच्या मळ्यावर वेचणीला गेली होती आणि भुजंग रातपाळी संपवून अजून यायचा होता. रात्री केव्हातरी म्हातारी चुलीजवळून उठून आत जाऊन पडली असणार, आणि मग तिला शुद्ध नव्हती. तिनं डोळे उघडले, आधी चुलीकडे बघितलं, मग दारातल्या पहारींकडे. काय झालं ते तिला बरोबर समजलं.

धर्मराज पुढे आला. वाईट माणूस नव्हता तो. "बाबू म्हनतेत चूल गार हाय," तो म्हणाला. "म्हातारीला उचलून लिंबाखाली निजवू. वरून घोंगडी टाकू. काय तरास न्हाई व्हायचा तिला."

आणि मी, सकाळपासून स्वतःवर खूश असलेला मी, मागून म्हणालो, "नेम चुलीचा आहे, माणसाचा नाही."

हे वाक्य माझं आहे. आयुष्यात बोललेली पुष्कळ वाक्यं मी विसरलो, हे विसरता आलेलं नाही.

शेठनी म्हातारीकडे पाहिलं, टोळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "कडूबा, तू देख."

कडूबा चुलीपुढे उकिडवा बसला. बाही मागे सारली आणि मनगटापर्यंत हात राखेत घातला. एरवी तो हात घालून लगेच काढायचा. त्या दिवशी तो तसाच बसून राहिला. मला ठाऊक होतं त्याच्या हाताला काय लागतंय ते, दोन तासांपूर्वी माझ्या हाताला लागलं होतंच. सगुणाबाईनं डोळे मिटून घेतले होते. मग कडूबानं झटकन हात बाहेर काढला आणि चटका बसावा तशी बोटांवर फुंकर घातली.

"गरम हाय," तो म्हणाला.

धर्मराजनं लगेच पहार खाली टेकवली. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. पण शेठ माझ्याकडे वळले. "रामकिसन? तू तो सवेरे थंडी म्हणाला. परत देख."

मी चुलीपुढे बसलो. गार म्हणालो असतो तर शेठ आणि अकरा माणसांदेखत कडूबा खोटा ठरला असता आणि म्हातारी पौषाच्या वाऱ्यात झाडाखाली गेली असती. गरम म्हणालो तर दोन गाड्या आणि अख्खी टोळी फुकट पळवणारा शहाणा मी. माझ्या मनात दया आली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं ते असं की मी कडूबाच्या तोंडाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, म्हातारीकडेही नाही. तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की माझ्यानं बघवेना. मी राखेत हात घातला. राख थंडगार होती.

"गरम आहे, शेठ," मी म्हटलं. "सकाळी माझी चूक झाली."

"बाबूचा हात कागदाचा," धर्मराज म्हणाला. "त्याला राखंतलं काय कळतंय." टोळी खो खो हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार. शेठ हसले नाहीत. त्यांनी स्वतः काही चुलीत हात घातला नाही. "थंडीचे दिन हायेत," ते म्हणाले. "हात सुन्न पडतो," आणि जाऊन टांग्यात बसले.

गाड्या दिसेनाशा झाल्यावर कडूबा पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "बाबू, कुठून विस्तव मिळतो का पाहता?"

समोरच्या मळ्यातल्या खोपीवरून मी खापरीत चार निखारे घेऊन आलो. ते आणताना माझं धोतर जळालं, पण त्याविषयी मी कुरकुर केली नाही. कडूबानं काटक्या लावून चूल पेटवली, पाणी तापवलं, त्यात गुळाचा खडा टाकला आणि म्हातारीला बसतं करून घोट घोट पाजलं. भुजंग आला तेव्हा दुपार झाली होती. आम्ही त्याला फक्त एवढंच सांगितलं की सासूला ताप आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा शेठपुढे उभा राहिला. "शेठ, आता पारख माझ्याच्यानं व्हायची न्हाई."

"कोणी काय बोललं का तुला?"

"कोणी न्हाई बोललं."

"मंग?"

कडूबाला स्वतःविषयी बोलायची सवय नव्हती, म्हणून त्याला वेळ लागला. "खांब जे सांगल ते मी येऊन तुमाला सांगायचो. मधी माझं काही नसायचं. आता सांगताना मलाच वाटत ऱ्हाईल, ह्यात माझं काही मिसळलं तं न्हाई. तसं पारखू न्हाई, शेठ."

शेठनी समजूत घातली. वखार झाडायचं काम घे म्हणाले, रखवाली कर म्हणाले, नुसता बसून राहा म्हणाले. तो हात जोडून उभाच. शेवटी शेठनी मला त्याला परतूरच्या गाडीत बसवून यायला सांगितलं. तिथून आष्टीला तो चालत जाणार होता, बहिणीकडे.

फलाटावर मी त्याला म्हटलं, "मामा, खोटं तर मीही बोललो. मी कुठे नोकरी सोडतोय?"

"तुमचं काम कागदाचं हाय, बाबू," तो म्हणाला.

तो टोमणा नव्हता. त्याला टोमणा मारता येत नसे. म्हणून तर ते इतकं लागलं. गाडी हलली तेव्हा मला रडू आलं, आणि ज्या माणसावर सात वर्षं दात खाल्ले त्याच्यासाठी रडू यावं याचाच मला पुन्हा राग आला.

तहसिलीकडून मुदत वाढवून घेण्यासाठी मी तीन अर्ज लिहिले. एकात गाड्यांचे बैल आजारी पाडले, दुसऱ्यात मुकादमाचा बाप, तिसऱ्यात रस्ता खचवला. एकही ओळ खरी नव्हती, आणि लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. सही करताना शेठ एकदा म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं." मला तेव्हा कडूबाचं बोलणं नीट समजलं.

फाल्गुनात, सुगी उरकल्यावर, एका सकाळी सगुणाबाई वखारीच्या दारात आली. वाळली होती, पण ताठ होती. डोक्यावर गाठोडं होतं. "कडूबाभाऊ हायेत का?" तिनं विचारलं.

"ते आष्टीला गेले, आजी. आता इथे नसतात."

"मंग तुमी सांगा त्याईला," ती म्हणाली. "आज पहाटं मी सोता चूल इझवली. खोली सारवून ठिवली. आता खुशाल उतरवा म्हनाव."

"सांगतो, सांगतो," मी म्हटलं, आणि लगेच धर्मराजला बोलवायला माणूस पाठवला, शेठच्या घरी निरोप धाडला, तहसिलीचा कागद शोधायला लागलो. ती दारात थोडा वेळ उभी होती. मी मान वर केली तेव्हा गेली होती. त्याच दुपारी टोळी सराईवर गेली आणि अकरा दिवसांत तिथे सपाट जमीन झाली. खांब चाळीस चांगले निघाले, तीन पोकळ.

चैत्रात एका कामासाठी मला परतूरला जावं लागलं, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून आष्टीला गेलो. तुळजाबाईंच्या घरासमोर, भिंतीच्या सावलीत कडूबा बाज विणत बसला होता. मला बघून त्याला आनंद झाला हे त्याच्या तोंडावर दिसलं. तुळजाबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला. मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. म्हातारी बरी झाली, सुगी झाल्यावर स्वतःच्या हातानं चूल विझवली, खोली सारवली, आणि पहिला निरोप त्याच्यासाठी घेऊन आली. मला वाटत होतं, हे ऐकून त्याचं मन हलकं होईल. खरं म्हणजे माझं हलकं व्हावं म्हणून मी एवढा आलो होतो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. हातातली सुतळी खाली ठेवली. "बरं झालं," तो म्हणाला. मग विचारलं, "कुठं गेली ती माणसं?"

"ते मी विचारलं नाही, मामा."

"ती काही बोलली न्हाई?"

"नाही. निरोप सांगितला, थोडा वेळ दारात उभी होती, मग गेली. मी जरा घाईत होतो."

कडूबानं सुतळी पुन्हा उचलली, पीळ घातला, बाजेच्या चौकटीतून ओढून घेतली. "मंग तुमी इचाराल म्हनूनच उभी ऱ्हायली आसंल, बाबू," तो म्हणाला.

ती वखारीतून निघून कुठल्या बाजूला वळली, एवढंसुद्धा मी बघितलं नव्हतं.